दुखणे अंगावर काढणे

वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. तेव्हा सामान्य व्यवसायी डॉक्टरांच्या स्त्री-आरोग्यविषयक निरंतर शिक्षणाबद्दल मी काही सांगावे, हे श्रोत्यांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या विषयाचा निम्मा भाग भाषेचा आहे आणि तेवढ्यापुरताच मी बोलण्याचा अधिकार सांगते.

'अंग' हा शब्द घ्या. 'अंगावरून पांढरे जाते' म्हणजे श्वेतप्रदर. 'अंगावरून फार जाते' म्हणजे अतिरक्तस्राव. 'अंग बाहेर येते' म्हणजे गर्भाशय खाली सरकलेले. एकाच शब्दाच्या आडोशाला तीन निरनिराळी दुखणी उभी आहेत, आणि बाई तिन्ही 'अंगावर काढते'! आमच्या दौलतगंजातील मराठी घरांत आणखी एक अडचण असते. दुखणे मराठीत होते, डॉक्टरांना मात्र ते हिंदीत सांगावे लागते. मग पुष्कळदा 'कमजोरी है' एवढ्यावर सारे आटोपते आणि शक्तीच्या गोळ्या घेऊन बाई घरी परतते.

हा केवळ संकोचाचा प्रश्न नाही, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, सर्वांनाच तपासण्याचा त्यांचा आग्रह होता. १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच भरल्या. म्हणजे बाई गप्प आहे म्हणून ती निरोगी आहे, असा अर्थ डॉक्टरांना काढता येत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास असे निरंतर शिक्षण घ्यावे, असे म्हटले आहे. त्या तासांत नव्या औषधांची माहिती मिळावी हे योग्यच. पण त्यांतील काही तास प्रश्न विचारण्याच्या सरावाला द्यावेत, असे मला आग्रहाने वाटते. 'काही त्रास?' ह्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते, विशेषतः सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर. त्याऐवजी, सासूबाईंना क्षणभर बाहेर बसवून विचारावे : दिवसातून किती घड्या बदलाव्या लागतात? रात्री उठावे लागते का? गाठी पडतात का? ह्या उत्तरांतून रक्तस्रावाचे मोजमाप होते आणि 'कमजोरी'चे मूळही सापडू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.

एक प्रश्न मात्र कधीही वगळू नये. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले का? बायका त्याला 'पाळी परत आली' म्हणतात, कधी कौतुकानेही! पाळी अशी परतत नसते. ते रक्त थोडे असले तरी तपासून घ्यावेच लागते, कारण त्यामागे कर्करोग असू शकतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग तर खूण दिसण्यापूर्वीच हेरता येतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. पदवीधर डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून पाहत. पांढरा डाग उमटला की पुढची तपासणी. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार ह्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरीही वरील सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधी काळी झालेल्या देशभरात १.९ टक्केच निघाल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी ही तपासणी स्वतः करावी असे नाही. आपल्याकडे कमलाराजा रुग्णालय शहरातच आहे. तेथे जाण्याची चिठ्ठी, खोकल्याचे औषध न्यायला आलेल्या बाईलाही, त्यांनी आपण होऊन लिहून द्यावी.