आधी पोथी, मग पेटी

झाशीच्या लक्ष्मी दरवाज्याबाहेर लक्ष्मी ताल आहे. त्याच्या परिसरात महालक्ष्मीचे देऊळ आणि राणी लक्ष्मीबाईंनी पती गंगाधररावांच्या स्मरणार्थ बांधलेली छत्री आजही उभी आहे. त्याच राजघराण्याचा ग्रंथसंग्रह मात्र एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौजेने शहर लुटले तेव्हा नष्ट झाला. त्या वेळी झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ही हकिगत लिहून ठेवली आहे. बाहेरचे विद्वान या संग्रहातल्या पोथ्या उतरवून नेत, असेही ते सांगतात. म्हणजे ज्या पोथीची नक्कल आधीच बाहेर गेली होती, तिचा मजकूर लुटीच्या हाती लागणार नव्हता. जिची नक्कल झाली नव्हती, तिचे भवितव्य एका इमारतीला बांधलेले होते. आपल्या घरातल्या लॅपटॉपमध्ये मुलांचे फोटो, जमिनीचे कागद, दुकानाचे हिशेब, प्रबंधाची प्रकरणे अशीच एका पेटीला बांधलेली असतात.

म्हणून लॅपटॉप सुरू होईनासा झाला की ‘हा चालू कसा करायचा’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की यातला मजकूर आणखी कुठे आहे का? यंत्र बाजारात पुन्हा मिळते, मजकूर मिळत नाही. शिवाय दुरुस्तीचे काही सोपे वाटणारे उपायच घातक ठरतात. घाईघाईने ‘रीसेट’ केले किंवा विंडोज नव्याने टाकली, तर जुन्या फाइली पुसल्या जाऊ शकतात, आणि एसएसडीवरून पुसलेले बहुधा परत येत नाही. तेव्हा आधी डिस्कला धक्का न लावता लक्षणे ओळखावीत. बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल, तर सॉकेट आणि चार्जर तपासावा. मग चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा अंधारात टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरपा टाकावा. पुसट चित्र दिसले, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून फाइली काढून घेता येतात. कंपनीचे चिन्ह येऊन गाडी तिथेच अडत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर पुष्कळदा बिघाड विंडोजमध्ये असतो आणि मजकूर शाबूत असतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स, इन्स्टॉल न करता, सुरू करावी आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. जुन्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र लगेच बंद करावे. तिच्यातली वाचणारी सुई फिरत्या तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. ती बिघडली की पुन्हा सुरू करण्याच्या प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जाण्याचा धोका असतो.

‘दुरुस्तीवाला काढून देईल की’ असे पुष्कळजण म्हणतात. डिस्क चांगली असेल, तर तो देईलही. पण अनेक नव्या लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य बोर्डावरच जडलेली असते, आणि विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मजकूर आपोआप कुलूपबंद ठेवतात. बोर्ड बदलला की यंत्र ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण त्या खात्याचा पासवर्डच आठवत नसेल, तर चांगला कारागीरही हतबल होतो. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘माझे सगळे क्लाउडवर आहे.’ क्लाउडचा आधार मोठा आहे, यात शंका नाही. पण ‘सिंक’ म्हणजे आरसा. इथे फाइल पुसली किंवा बिघडली, की तिथेही तोच बदल पोचतो. कचरापेटीतली मुदत संपली की परतीची वाट बंद. शिवाय निवडलेल्या फोल्डरांपलीकडचे तिकडे जातच नाही. गोडसे यांच्याच ग्रंथाचे पाहा. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये तो छापला, तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ मोडी हस्तलिखित वेगळे जपले गेले होते, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये गोडसे यांचा मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवता आला. बदलणाऱ्या प्रतीपासून अलग ठेवलेली प्रत, हाच खरा बॅकअप.

तेव्हा महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असू द्या: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. डिस्क कायम जोडून ठेवू नका; नक्कल झाली की काढून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहा. लॅपटॉप आज नीट चालतो आहे, म्हणून हे काम आजच होऊ शकते.