घर बांधायला परदेशात जायचं का?

प्रवासात रेंज गेल्यामुळे ज्यांचा एपिसोड अर्धाच राहतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आजचा विषय माझ्या ऑफिसमधून आला. माझा एक सहकारी पुण्यात त्याच्या चर्चच्या युवक गटात आहे. बारा जणांनी दहा दिवस कंबोडियाला जायचं आणि तिथल्या गरीब कुटुंबांसाठी घर बांधायचं, असा त्यांचा बेत. मला म्हणाला, "तू पण चल, धर्माची काही अट नाही." खर्च माणशी ९० हजार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग गावी, कळमनुरी तालुक्यात, आजीला फोन केला. ती म्हणाली, "तुला थापी धरता येईना, अन् परदेशात घर बांधाया चाललास व्हय?"

हसलो खरा, पण उत्तर सुचलं नाही. म्हणून जरा खोदून बघितलं.

आधी चांगली बाजू. असं काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही १९७६ साली अमेरिकेत ख्रिस्ती प्रेरणेतून सुरू झालेली संस्था. २००६ च्या ऑक्टोबरअखेर तिने लोणावळ्याजवळ, मळवलीशेजारच्या पाटण गावात आठवडाभरात १०० घरं उभारण्याचं काम काढलं. देशोदेशीचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आले. ब्रॅड पिट आला, आणि ८२ वर्षांचे माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः राबले. कार्टर यांचं इथलं नातं जुनं. त्यांच्या आई लिलियन ६८ व्या वर्षी स्वयंसेवक नर्स म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीत काम करून गेल्या.

या संस्थेची एक गोष्ट मला पटते. घर फुकट वाटायचं नाही. कुटुंबाने स्वतः घाम गाळायचा आणि परवडेल अशा हप्त्यांत पैसे फेडायचे. म्हणजे घर भीक म्हणून मिळत नाही, ते कमावलेलं असतं.

आता हिशोब. बारा जणांचे प्रत्येकी ९० हजार म्हणजे १० लाख ८० हजार. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या सपाट भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. म्हणजे एका सहलीच्या पैशात नऊ घरकुलांचं अनुदान बसतं! शिवाय आपण तिथे करणार काय? पाया, भिंतीचा ओळंबा, स्लॅबचं सेंट्रिंग ही सगळी गवंड्याची कामं. आपल्या वाट्याला विटा उचलणं, माल कालवणं, रंग देणं. पहिल्याच दिवशी इंटर्नला लाइव्ह सर्व्हरचा पासवर्ड कोण देतं?

हा नुसता माझा तर्क नाही. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने नंतर तपासलं. प्रवास धरून त्यांचं एक घर सरासरी ३० हजार डॉलरला पडलं होतं. स्थानिक संस्था तसंच घर दोन हजारांत बांधत होती. आणि राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर कुणी बांधलं यामुळे फारसा फरक दिसला नाही.

मग खरी कमतरता कशाची असते? आपल्या मराठवाड्याला हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक घराखालीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसला की भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू सुटी होते आणि छत खाली येतं. उपाय मात्र साधे आहेत. माळवदावरची माती कमी करायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालायचे, म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या जातात. खांब आणि तुळईला तिरपे आधार द्यायचे.

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा आमच्या आजीच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ती अजूनही त्याच खोलीत झोपते. आणि मी कंबोडियाचं तिकीट बघत होतो!

म्हणून मी गेलो गावाला. जाणकार गवंडी गाठला, मजुरी ठरवली, आजीची खाट ओसरीवर काढली आणि आठ दिवस माळवदावरची माती घमेल्याने खाली उतरवली. थापी गवंड्याच्याच हातात होती, मी फक्त बिगारी. आजी खालून बघत म्हणायची, "आता कसं, हिशोबात आलास."

सहकारी कंबोडियाला गेला. मी त्याला चुकीचं म्हणत नाही. दूरच्या माणसासाठी घाम गाळावासा वाटणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त निघण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारले होते, तुम्हीही विचारा. एक, तिथल्या गवंड्यांना मजुरी मिळते का, की आपण त्यांचं काम हिरावतो? दोन, घराचा आराखडा तिथल्या पुराला, वाऱ्याला, भूकंपाला टिकणारा आहे का? तीन, आपण परतल्यावर भिंतीला चीर गेली तर बघायला कोण येणार?

तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर खुशाल जा. नाही मिळाली तर तिकिटाचे पैसे तिथल्या गवंड्यासाठी पाठवा. आणि गावी माळवदाचं घर असेल, तर आज रात्री फोन करून एवढंच विचारा: भिंतीला चीर आहे का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!