सहेरीचा चहा जरा निवू द्या

पहाटेची सहेरी संपत आलेली असते. जेवणे उरकलेली असतात. वेळ संपायला पाच मिनिटे उरल्याची सूचना मशिदीतून होते आणि नेमका तेव्हाच चहा गॅसवरून उतरतो. आता संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणून आजोबांपासून कॉलेजात जाणाऱ्या नातवापर्यंत सगळे उभ्या-उभ्या तो कढत चहा घशाखाली उतरवतात. जीभ पोळते, डोळ्यांत पाणी येते, पण चहा चुकत नाही.

रमजानमध्ये हे चित्र अनेक घरांत दिसते. एरवी एसटी स्टँडवर बस सुटता सुटता चहा पिणाऱ्याचीही हीच तऱ्हा. म्हणून हा प्रश्न रोजेदारांपुरता नाही. इतक्या कढत चहाने नेमके काय होते?

याचे उत्तर शोधताना संशोधक इराणच्या ईशान्येला, कास्पियन समुद्राकाठच्या गुलिस्तान प्रांतात पोहोचले. या भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. तंबाखू आणि दारूचे सेवन मात्र तिथे कमी. चहा जवळजवळ प्रत्येक जण पितो, तोही भरपूर आणि बिनदुधाचा. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३०० रुग्णांची तुलना त्याच परिसरातील ५७१ निरोगी लोकांशी केली गेली. कोमट चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत गरम चहा पिणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका दुप्पट, तर अतिशय गरम पिणाऱ्यांत आठपट आढळला. कपात ओतल्यावर चार मिनिटे थांबणाऱ्यांपेक्षा दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांचा धोका पाचपट होता. म्हणजे घाईच महागात पडत होती.

पुढे याच प्रांतातील ५०,०४५ लोकांवर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम चहा रोज ७०० मिलीलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत हा धोका सुमारे ९० टक्के अधिक दिसला.

दरम्यान २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांपेक्षा गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. त्याच बैठकीत कॉफीला मात्र संशयितांच्या यादीतून वगळले. याचा अर्थ साधा आहे: दोष चहाच्या पानाचा किंवा कॉफीच्या बीचा नाही, उष्णतेचा आहे. अन्ननलिकेचे आतले अस्तर नाजूक असते. ते रोज पोळत राहिले, की सूज येते, पेशी पुन्हा पुन्हा नव्याने तयार होतात आणि बिघाडाला वाव मिळतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. ‘बहुधा’ हा शब्द पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. चीनमध्ये साडेचार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर धूम्रपान आणि अति मद्यपान न करणाऱ्यांत, निव्वळ गरम चहाने धोका वाढल्याचे दिसले नाही. पण कढत चहाला रोजच्या दारूची जोड मिळाली तिथे धोका पाचपट झाला, सिगारेटची मिळाली तिथे दुप्पट. टपरीवर एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हातात सिगारेट धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. इफ्तारनंतर दिवसभराची तलफ एकदम भागवणाऱ्यांनीही.

उपाय फुकटचा आहे. सहेरीचा चहा शेवटी न ठेवता जेवणाबरोबरच टाकावा. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटे थांबावे. ओठाला चटका बसत असेल, तर तो घशालाही बसणारच. वाफाळते अन्न जरा निवू द्यावे, हा दस्तरख्वानावरचा जुना आदबही तेच सांगतो. आणि घास अडकतो, गिळताना त्रास होतो, वजन विनाकारण उतरते, अशी लक्षणे दिसली, तर ‘ईद झाल्यावर बघू’ म्हणू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

आपल्याकडे तर चहा निववण्याची सोय घराघरांत होती. आजी कपातला चहा बशीत ओतायची आणि सावकाश प्यायची. पुढे बशीतून पिणे गावंढळ ठरले, आणि बशी फक्त पाहुण्यांसमोर कपाखाली ठेवण्यापुरती उरली. ती पुन्हा वापरायला काहीच हरकत नाही. सहेरीला पाच मिनिटे उरलेली असताना तर नाहीच नाही.