जुन्या गाडीचं नवं काळीज

मध्यमवर्गीय घरातली गाडी एका दिवसात म्हातारी होत नाही. आधी ती सकाळी सुरू व्हायला जरा वेळ घेऊ लागते. मग मागून निळसर धूर दिसतो. दर महिन्याला ऑइल घालावं लागतं. ज्या चढावर तिसरा गिअर पुरायचा, तिथं दुसरा टाकावा लागतो. घरातला कर्ता माणूस हे काही दिवस कुणाला सांगत नाही. शेवटी एकदा मेस्त्री बॉनेट उघडतो, कान लावून ऐकतो आणि फडक्याला हात पुसत निकाल देतो : "इंजिन गेलंय साहेब. बदलूनच टाका."

बदलूनच टाका! पण कोणतं इंजिन टाकायचं? कुठून आणायचं? त्यात घातलेले पैसे वसूल होणार का? की त्याच पैशात दुसरी जुनी गाडी घ्यावी? असे प्रश्न वर्षभरात कितीतरी घरांत रात्रीच्या जेवणानंतर चघळले जातात. गेल्या वर्षी असाच एक प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. तो आला नवापूरहून, म्हणून त्याला एक वेगळा रंग होता.

नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, त्याआधी हा भाग धुळे जिल्ह्यात होता आणि त्याच काळात मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत काही वर्षं काढली. गाव अगदी गुजरातच्या सीमेवर. सुरत-भुसावळ मार्गावरच्या इथल्या रेल्वे स्टेशनात तर राज्याची हद्द फलाटावरून जाते. एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी आणि मावची सगळ्या बोली कानावर येतात. नवापूरची तूरडाळ प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. अशा गावातल्या माणसाला दोन्ही राज्यांचे भाव पाठ असतात. दोन्हीकडचे कर वेगळे, त्यामुळं गेली काही वर्षं सीमेपलीकडच्या पंपावर पेट्रोल लिटरमागं आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळतं. साहजिकच नवापूरची गाडी टाकी भरायला पलीकडं जाते.

सल्ला विचारणारे माझे जुने खातेदार, एक निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्याकडं २००८ सालची मारुती ८०० आहे. आता ती त्यांची सून चालवते. चरणमाळच्या बाजूला एका गावात ती शिक्षिका आहे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत, म्हणून तिची नोकरी या गाडीवर उभी आहे.

तीन प्रस्ताव

मारुती ८०० ही आपल्या पिढीची गाडी. १४ डिसेंबर १९८३ ला तिची पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत अशा पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची छोटी चाकं. गुरुजींच्या गाडीची ताकद सदतीस अश्वशक्तीची. आजच्या हिशेबानं हे आकडे किरकोळ वाटतील. पण हलकं अंग आणि लहान इंजिन हीच तर तिच्या काटकसरीची किल्ली होती.

गुरुजींसमोर तीन प्रस्ताव आले. पहिला मेस्त्रीचा : आहे तेच इंजिन खोलायचं, बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या, हेडचं काम करायचं. खर्च पस्तीस हजार. दुसरा एका दलालाचा : सुरतेच्या भंगार बाजारातून तसंच ७९६ सीसीचं जुनं इंजिन उचलायचं. अठरा हजारांत बसवून देतो म्हणाला. तिसरा गुरुजींच्या मुलाचा. तो पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, खर्च करायचाच तर वॅगन-आरचं चार सिलिंडरचं १०६१ सीसी इंजिन टाकू. सत्तर हजार जातील, पण गाडी घाटात पळेल.

यातला तिसरा प्रस्ताव ऐकायला सगळ्यात गोड. ताकद दीडपटीहून जास्त होणार, आणि इंजिन त्याच कंपनीचं. मोटारींच्या शर्यतींची हौस असणारे लोक असे बदल करतातही. पण गाडी ही एकमेकांना बेतलेल्या अवयवांची गोष्ट आहे. इंजिन वाढलं की त्याला धरणारे माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग, इंजिनाचा मेंदू म्हणजे ई.सी.एम., हे सारं बदलावं लागतं. पुढच्या चाकांवर वजन वाढतं. ब्रेक मात्र सदतीस अश्वशक्तीच्या गाडीचेच राहतात. चढताना मजा येईल, उतरताना काय? हिंदुस्थान मोटर्सनं नव्वदच्या दशकात अॅम्बॅसॅडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसी इंजिन घातलं, तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही दिला. कारखान्याला जे एकट्या इंजिनावर भागवता आलं नाही, ते गल्लीतल्या गॅरेजला कसं भागेल?

मग लोक पूर्वी इंजिनं बदलत नव्हते का? बदलत होते. मुंबईत पेट्रोलच्या कितीतरी प्रीमिअर पद्मिनी टॅक्स्यांना डिझेल इंजिनं बसली. पुढं प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि टॅक्स्या सी.एन.जी.कडे वळल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या सेवेतून गेली. पण टॅक्सी दिवसभर फिरते. तिच्यात घातलेला पैसा थोड्या महिन्यांत सुटतो. घरची गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर जाते. टॅक्सीवाल्याला जे परवडलं ते गुरुजींना परवडेलच असं नाही.

नंबर जुळला पाहिजे

दुसरा प्रस्ताव स्वस्त. पण मी बँकेत आयुष्य काढलेलं, त्यामुळं पहिला प्रश्न विचारला, "इंजिनाचे कागद आहेत का?" दलाल म्हणाला, "कागद कोण विचारतं साहेब?"

विचारतात. आर.सी.वर चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नं मालकाला मनाला येईल तसा फेरफार करायला मनाई केली आहे. २००० सालच्या दुरुस्तीनं हे कलम अधिक कडक झालं. सी.एन.जी., एल.पी.जी. किंवा बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला त्यात वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची मंजुरी घेऊन नवा नंबर आर.सी.वर चढवून घेता येतो. त्यासाठी ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, ती गाडी रीतसर मोडीत निघाली का, विक्रीची पावती आहे का, हे दाखवावं लागतं. बिनकागदाचं इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं.

आणि खरी भीती त्याच्या पुढची. समजा अपघात झाला. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो आणि पहिल्यांदा दोन्ही नंबर पडताळतो. इंजिन नंबर जुळला नाही की दावा अडकतो. अठरा हजारांच्या इंजिनात वाचलेले पैसे तेव्हा कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. कर्जाच्या फायली पाहताना मला एक सवय लागली होती : माल बघायच्या आधी कागद बघायचा. वाहनाला ती जास्तच लागू आहे.

स्वस्तातल्या इंजिनाबद्दल आणखी एक. ओम्नीचंही इंजिन तेच ७९६ सीसी असतं, म्हणून कुणी ते सुचवतं. पण ओम्नीत ते उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ८०० मध्ये आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. नाव सारखं असलं तरी मांडणी वेगळी. आणि भंगारातलं इंजिन किती फिरलंय, कधी तापून बसलंय का, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

महिन्याचा हिशेब

आता आकडे. सुनेची धाव महिन्याला हजार किलोमीटर. गाडी पूर्वी वीसचा अॅव्हरेज द्यायची, आता तेरावर आली. दुरुस्तीनंतर मी अठराच धरला. कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकींचा अॅव्हरेज त्यानं सहा-सात टक्के घटू शकतो. सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू.

तेराच्या अॅव्हरेजनं महिन्याला सत्त्याहत्तर लिटर, म्हणजे ७,७०० रुपये. अठराच्या अॅव्हरेजनं छप्पन लिटर, ५,६०० रुपये. फरक २,१०० रुपयांचा. पस्तीस हजारांचं काम सतरा महिन्यांत सुटतं. मोठं इंजिन पंधराचा अॅव्हरेज देईल असं धरलं, तर महिन्याला हजार रुपयेच वाचतील. सत्तर हजार वसूल व्हायला जवळजवळ सहा वर्षं.

इथं एक गोष्ट गुरुजींच्या ध्यानात आणून दिली. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, पाच वर्षांसाठी वाढवली होती. ती २०२८ ला संपते. असं नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं. एप्रिल २०२२ पासून त्याला ५,००० लागू लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० ठरले. म्हणजे २०२८ नंतर गाडी ठेवायची की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा राहणार. बँकेत आम्ही मालमत्तेच्या आयुष्यापेक्षा लांब मुदतीचं कर्ज देत नसू. जी वस्तू तीन वर्षांनी कदाचित नसेल, तिच्यात सहा वर्षांनी सुटणारा पैसा घालू नये, हा तोच नियम.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, आठ रुपयांसाठी आम्ही पलीकडं टाकी भरायला जातो." त्याचाही हिशेब केला. सत्त्याहत्तर लिटरवर महिन्याला सहाशे रुपये वाचतात. त्याच वेळी थकलेलं इंजिन एकवीसशे रुपये जाळतं. पंपावरचा आकडा डोळ्यांना दिसतो. सिलिंडरातली गळती दिसत नाही.

आधी तपासणी

एवढं झाल्यावर मी विचारलं, "इंजिन गेलं हे कशावरून ठरलं?" मेस्त्रीच्या कानावरून. कान अनुभवी असतो, पण मापही घ्यावं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचा आणि दाब मोजायचा. कमी आला तर चमचाभर ऑइल सिलिंडरात घालून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे बोट जातं. निळा धूर ऑइल जळण्याचा, काळा पेट्रोल जास्त जाण्याचा. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. अर्ध्या तासाच्या या तपासणीनं हजारोंचा निर्णय सोपा होतो.

ती झाली. दोन सिलिंडरांचा दाब ऑइल घातल्यावर वाढला. ब्लॉकला तडा नव्हता, क्रँकही ठीक होता. ब्लॉक फुटला असता, कनेक्टिंग रॉड बाहेर आला असता किंवा तापून सगळं बसलं असतं, तर कागदपत्रांसह तसंच दुसरं इंजिन घेणं शहाणपणाचं ठरलं असतं. इथं तशी वेळ नव्हती. त्याच ब्लॉकमध्ये काम होणार होतं, नंबर तोच राहणार होता, आर.टी.ओ.च्या फेऱ्या वाचणार होत्या.

मुलाला मात्र फोनवर पिकअपची हळहळ वाटत होती. तोपर्यंत सुनेला कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "काका, मला पिकअप नकोय. सकाळी साडेसहाला सुरू झाली पाहिजे, आणि पावसात एकटी असताना रस्त्यात बंद पडता कामा नये."

सगळ्या चर्चेत गाडीची गरज एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी मांडली नव्हती. पिस्टन-रिंगांबरोबर पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या, रेडिएटरचे होज आणि फॅन बेल्टही बदलायचं ठरलं, ते तिच्या या एका वाक्यामुळं. रस्त्यात गाडी बंद पडते ती अनेकदा अशाच दोनशे-चारशे रुपयांच्या वस्तूंनी.

वाचकांपैकी कुणाच्या घरी हा प्रश्न आला, तर क्रम एवढाच ठेवावा. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला आधी विचारावं. मग दाब मोजून घ्यावा. मग आर.सी.वरची मुदत पाहावी आणि पैसे तेवढ्या काळात सुटतात का ते कागदावर मांडावं. मोठ्या इंजिनाचा मोह झाला तर ब्रेककडं एकदा बघावं. बिनकागदाच्या इंजिनाला, ते फुकट मिळालं तरी, हात लावू नये.

गुरुजींना मी एक जास्तीचं काम सांगितलं आहे. इंजिनाचे पैसे सुटले की वाचणारे दोन हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकायचे, आणि खातं सुनेच्या नावावर उघडायचं. २०२८ साली पुढची गाडी कोणती घ्यायची, हे तिनं ठरवावं.