दऱ्या, दर्या आणि नुकते वाचू लागलेले मूल

गेली तीन वर्षे मी औंढ्यातल्या एका ओसरीवर आठवड्यातून दोन दुपारी पहिली ते तिसरीच्या मुलांबरोबर वाचत बसतो. सोबत काही पुस्तके असतात आणि एक जुना टॅब. त्या टॅबवर मुलांना मराठी गोष्टी वाचता याव्यात म्हणून मी स्वतःच एक साधा वाचनमंच तयार करत आलो आहे. संगणकाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. पुस्तके वाचत, चुका करत शिकलो. या लेखातल्या बऱ्याच गोष्टी त्या चुकांनीच शिकवल्या.

पहिली चूक एका शब्दाची. गोष्टीत ‘डोंगर आणि दऱ्या’ असे हवे होते, मी टंकले ‘दर्या’. दुसरीतल्या एका मुलीने ते अडखळत पण अगदी बरोबर वाचले आणि विचारले, “काका, डोंगरात दर्या कुठनं आला?” घराबाहेर पाऊल टाकले की दरी दिसते अशा गावातल्या मुलीपुढे मी समुद्र आणून ठेवला होता. ती चुकली नव्हती, पडदा चुकला होता. मात्र तिच्या जागी थोडे बुजरे मूल असते, तर त्याने चूक स्वतःचीच मानली असती. लहान वाचकासाठी पडदा रचताना जपायचे असते ते हेच: दोष कुणाचा आहे हे मुलाला अजून कळत नसते.

‘ऱ्य’ हे अक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर साधा शोध ‘सापडला नाही’ म्हणतो. म्हणून मजकूर मंचावर चढवतानाच सगळीकडे एकच रीत करून घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा अक्षर म्हणजे काय हा. ‘औंढे’ हे मुलासाठी दोन अक्षरे. संगणकासाठी चार खुणा: औ, अनुस्वार, ढ आणि मात्रा. ‘स्त्री’ हे एक अक्षर, पण खुणा सहा. आवाजाबरोबर मजकूर रंगत जावा अशी सोय करताना मी आधी खुणेखुणेने रंग दिला. ‘किरण’मध्ये घोटाळा झाला. वेलांटी दिसते आधी, पण उच्चारात आणि साठवणीतही ती ‘क’नंतर येते, त्यामुळे रंग पुढे जाऊन मागे आला. रंगवायचे तर पूर्ण अक्षर, शक्यतो पूर्ण शब्द. इंग्रजी बालपुस्तकांत अक्षरे जरा सुटी करून मांडतात. तेच मराठीत केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. आपल्याकडे मोकळी जागा हवी ती ओळींमध्ये, कारण मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली लागतात.

अक्षरांच्या वळणाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली. तिच्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहेत. अनेक फोनांवर मात्र हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो. दोन्ही वळणांसाठी युनिकोडमध्ये खूण एकच आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे मंचाने सांगितले आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये मराठी वळण असले, तर योग्य ‘ल’ दिसतो. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. ज्याने ‘ल’ गेल्याच आठवड्यात ओळखला, त्याला मात्र ते नवे अक्षर वाटते.

मग प्रश्न येतो कोणती गोष्ट कोणाला द्यायची हा. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हा मंच सुरू केला. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. त्या उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, अनुवादित कराव्यात. मराठी मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. तिथे गोष्टींच्या चार पातळ्या आहेत, आणि पातळी ठरवताना शब्दसंख्येचाही विचार होतो. शब्दसंख्या हे माप मराठीत एकटे पुरत नाही. ‘आई घरी आली’ यात शब्द तीन, अक्षरे सहा, जोडाक्षर एकही नाही. ‘डोंगरापलीकडच्या गावातल्यांनासुद्धा’ यात शब्द दोनच, पण अक्षरे पंधरा आणि जोडाक्षरे तीन. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द कमी होतात आणि ओझे वाढते. म्हणून मी आता तीन गोष्टी मोजतो: शब्दामागे अक्षरे किती, पानावर जोडाक्षरे किती, आणि नवा शब्द त्याच गोष्टीत पुन्हा किती वेळा भेटतो. सुरुवातीला म, क, प, ल अशी थोडी अक्षरे आणि एक काना एवढ्यावर ‘काम’, ‘माप’, ‘लाल’ वाचता येतात. संपूर्ण बाराखडी होईपर्यंत अर्थासाठी थांबण्याची गरज नसते.

माझी सर्वांत मोठी चूक आवाजाची. मूल वाचते आणि यंत्र ऐकते ही कल्पना नवी नाही. गूगलचे ‘रीड अलाँग’ २०२० साली मराठीसह अनेक भाषांत आले. मीही माझ्या मंचाला ऐकायला शिकवले. त्याच मुलीने ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले. पडद्यावर लाल खूण आली. तिने पुन्हा म्हटले, पुन्हा लाल. तिसऱ्या खुणेनंतर तिने टॅब खाली ठेवला आणि म्हणाली, “आमच्यात पानीच म्हणत्यात.” तिने शब्द ओळखला होता, अर्थ तिला ठाऊक होता. वाचन झाले होते. फक्त प्रमाण उच्चार झाला नव्हता. पुढचे दोन आठवडे ती ओसरीवर आली नाही.

तिच्या शब्दांत संशोधनाचाच मुद्दा होता. मराठी लेखन सगळे उच्चार दाखवत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ लिहायला एकच. ही संदिग्धता आपण संदर्भाने सोडवतो. मग मुलाच्या बोलीलाही तेवढीच मुभा का नको? मी लाल खूण काढून टाकली. आता यंत्र काही ठरवत नाही. मुलाने शब्दाला बोट लावले तरच तो वाचून दाखवते. प्रमाण उच्चार कानावर पडतो, पण शिक्षा म्हणून नाही.

मावळातल्या पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे, म्हणून मंच नेटवर्कवाचून चालला पाहिजे. इथे हिशेब आपल्या बाजूचा आहे. देवनागरीच्या एका खुणेला साधारणपणे तीन बाइट लागतात. अडीचशे शब्दांची गोष्ट पाच-सहा किलोबाइटांत मावते. जड असतात ती चित्रे आणि त्याहून ध्वनिफिती. म्हणून आधी मजकूर, मग हलकी चित्रे, आणि आवाज हवा त्यालाच. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचकांना खुले केले आहेत, तो ठेवा अमोल आहे. पण छापील पानाची प्रतिमा लहान फोनवर बोटांनी मोठी करत, सरकवत वाचावी लागते. नवशिक्या वाचकाची ओळ तिथेच हरवते. अशा मजकुराला पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळणारे रूप देणे, हे पुढचे मोठे काम आहे.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. मूल किती वेळ वाचते, कुठे अडते, कसे बोलते, याची नोंद मंच ठेवू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंधन आहे. माझ्या टॅबवर मुलांची नावेही नाहीत. कोण कुठे अडते ते मला शेजारी बसून कळते, आणि शेजारी बसणे हाच या मंचाचा सर्वांत उपयोगी भाग आहे.

ती मुलगी परत आली ती धाकट्या भावाला घेऊन. टॅब तिने त्याच्या मांडीवर ठेवला आणि दुरुस्त केलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हे दऱ्या हाय. आधी काकांनी चुकवलं होतं.”