केमोनंतर घरी, डॉक्टर पडद्यावर

केमो मुंबईत किंवा नाशिकला मिळते. उलट्या, तोंडातले फोड, थकवा मात्र घरी आल्यावर सुरू होतो. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या डोंगरी गावांच्या पावसात तपासणीसाठी पुन्हा तेवढा प्रवास करणं म्हणजे रुग्णाचे हालच.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरसल्ला सेवा नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, यांत परिचारिका बऱ्याच, रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात. ताप, रक्तदाब मोजणं, जखम नीट दाखवणं हे त्यांच्याच हातात.

दूर राहून अशी काळजी घेण्याचा उपयोग किती? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटातले रुग्ण आपली लक्षणं ऑनलाइन नोंदवत. त्रास वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जाई. २०१७मध्ये निष्कर्ष आले: या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीत २६. वेळेवर केलेल्या विचारपुशीने एवढा फरक पडला!

एक अडचण मोठी आहे. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली पदार्थ कायद्याखालची औषधं दूरसल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. तीव्र वेदना शमवणारं मॉर्फिन त्यातच येतं. म्हणजे ज्याच्या वेदना सर्वांत तीव्र, त्याच्याच घरच्यांना दवाखान्यापर्यंत जावं लागतं. यावर सुरक्षित तोड निघायलाच हवी.

लक्षात ठेवा: केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर व्हिडिओची वाट पाहू नका. १०८ला फोन करा.