कौतिकचा स्वर : वऱ्हाडातील कथावाचनाचा मागोवा

कथा-कादंबरी मोठ्याने वाचताना पात्राची भावना शब्दांइतकीच स्वरातूनही श्रोत्यापर्यंत पोहोचवावी लागते; भावनेनुसार आवाजात होणाऱ्या या बदलाला भारतीय काव्यशास्त्रात ‘काकू’ म्हणतात आणि त्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्रात उर, कंठ व शिर अशी तीन स्थाने सांगितली आहेत. बोलण्याचा लहेजा जपण्याची जाण वऱ्हाडात जुनी आहे, कारण रिद्धपूरशी निगडित महानुभाव परंपरेतील तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचे बोलणे प्रसंगासह टिपून ठेवले.

विसाव्या शतकात मोठ्याने वाचण्याच्या या कलेला अभिवाचनाचे, म्हणजे संहिता हाती धरून केवळ आवाजातून पात्रे उभी करण्याचे, रूप मिळाले. परतवाड्यात १९१६ मध्ये जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांची कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी अनेक दशके केले व नंतर त्यांची नात मृणाल कुलकर्णीही त्यात सामील झाल्या. मात्र ‘शितू’ किंवा ‘माचीवरला बुधा’ यांची भूमी कोकण-मावळची आहे, वऱ्हाडची नव्हे.

वऱ्हाडी बोलीतील संवादांना कादंबरीत पूर्ण प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने उद्धव शेळके यांच्या ‘धग’मुळे (१९६०). दारिद्र्य आणि नवऱ्याचे आजारपण यांच्याशी झुंजणाऱ्या तिच्या नायिकेचे, कौतिकचे, बोलणे वाचणे ही वाचकाची खरी कसोटी आहे, कारण वऱ्हाडीत ‘काहून’ हा एकच प्रश्न मधला स्वर लांबवून विचारला तर त्यात काळजी येते, तुटक विचारला तर तो जाब होतो आणि ‘काहून व माय’ म्हणताना शेवटचा स्वर खाली सोडला तर हतबलता उमटते. रंगमंचावर ही बोली बराच काळ हशा मिळवण्यासाठी वापरली गेली. तोच ठसकेबाज हेल कौतिकच्या तोंडी घातला, तर तिचे दुःख उथळ होते. येथे आवाज चढवण्यापेक्षा आवरणे अधिक परिणामकारक ठरते, आणि पुष्कळ वाचक नेमके हेच विसरतात.

ज्यांच्या घरात ही बोली आजही बोलली जाते, अशा वाचकांच्या आवाजात ‘धग’चे संपूर्ण वाचन ध्वनिमुद्रित व्हायला हवे; अमरावतीत १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने आणि अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांनी हे काम हाती घ्यावे.